लालिक की श्लुम्बर्जे? निसर्गाकडे पाहणारे दोन दागिनेकार आणि गुजरीतला एक प्रश्न

वाचकाच्या पत्राचा गोषवारा : "आमचे कोल्हापुरात गुजरीमध्ये सराफी दुकान आहे. मी पुण्याला दागिन्यांच्या रचनेचा अभ्यासक्रम पूर्ण करून नुकतीच घरी परतले आहे. निसर्गावर आधारलेल्या चांदीच्या दागिन्यांचा एक छोटा संच मला करायचा आहे. आराखडे माझे असतील आणि काम हुपरीच्या चांदीकारागिरांकडून करून घेईन. मला रने लालिक मनापासून आवडतो. आमच्या शिक्षिका मात्र म्हणतात की लालिक संग्रहालयात शोभतो, शिकायचे असेल तर जाँ श्लुम्बर्जेकडून शीक. आमच्या थोरल्या काकांना हे दोघेही पसंत नाहीत. कोल्हापुरी साजात मासा आहे, कासव आहे, भुंगा आहे, कारले आहे, मग निसर्ग शोधायला पॅरिसला कशाला जायचे, असे ते विचारतात. या दोघांची तुलना नेमकी कशी करावी आणि मी कोणाचे बोट धरावे?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या घरात या प्रश्नावर आधीच बरीच चर्चा झालेली दिसते, म्हणून उत्तर आधी देते आणि कारणे मागाहून सांगते. तुम्ही अभ्यासाला लालिक घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याचे चतुर कीटक, साप आणि वेली उचलण्यासाठी तो घेऊ नये. दागिन्याची किंमत त्यात बसवलेल्या खड्यावरून ठरू द्यायची नाही, असा जो निर्णय त्याने घेतला आणि निभावला, तो समजून घेण्यासाठी घ्यावा. मीन्याचे, म्हणजे धातूवर भाजलेल्या रंगीत काचेचे, काम कसे करून घ्यायचे आणि दागिना अंगावर कसा बसवायचा, या दोन बाबतींत मात्र तुमच्या शिक्षिकेचे म्हणणे मला पटते. तिथे श्लुम्बर्जे अधिक उपयोगी पडेल. काकांच्या आक्षेपात बरेच तथ्य आहे आणि त्याकडे मी पुढे सविस्तर वळणार आहे.

दोघांची तुलना करताना सहसा एक चूक होते, ती म्हणजे छायाचित्रांवरून मत बनवणे. छायाचित्रात प्रत्येक दागिना सारख्याच आकाराचा दिसतो. लालिकचा सर्वांत प्रसिद्ध दागिना, म्हणजे चतुराच्या मुखातून वर येणारी स्त्री, हा पंख पसरून सुमारे २६ सेंटीमीटर रुंद आहे. एक वीत आणि वर थोडे अधिक, असा हा दागिना छातीवर लावण्यासाठी केलेला होता. श्लुम्बर्जेचे पक्षी आणि सागरी जीव मात्र बहुतेक साडीपिनेच्या आकाराचे आहेत. एवढी एक गोष्ट लक्षात घेतली तरी दोघांचे हेतू किती वेगळे होते ते कळते. तेव्हा वहीत प्रत्येक दागिन्याचे चित्र त्याच्या खऱ्या मापात काढा आणि ती चित्रे शेजारी शेजारी ठेवून मगच मत बनवा.

लालिकचा जन्म १८६० साली फ्रान्सच्या शँपेन प्रांतातील आय या गावी झाला. १८७६ मध्ये तो पॅरिसच्या लुई ओकोक या नामवंत दागिनेकाराकडे उमेदवारीला राहिला, त्यानंतर दोन वर्षे इंग्लंडमध्ये सिडनहॅम येथे शिकला, आणि परत आल्यावर कार्तिये, बुशरों अशा पेढ्यांसाठी आराखडे काढून देऊ लागला. १८८५ मध्ये त्याने स्वतःचा कारखाना घेतला. त्या वेळी पॅरिसमध्ये दागिना म्हणजे हिरा, असेच समीकरण होते. १८६० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडू लागले होते आणि पुढच्या काही वर्षांत ते इतक्या प्रमाणात बाजारात आले, की सोनाराचे काम खडा पक्का धरून ठेवणारी बैठक करण्यापुरतेच उरले. लालिकने ही रीत उलटी केली. त्याने गुरांच्या शिंगाचे कंगवे घडवले, त्यांवर झाडांच्या शेंगा आणि पाने कोरली, काच वापरली, मीना वापरला, आणि हिरा घेतलाच तर दवबिंदूसारखा एखाद्या कडेला ठेवला. १९०० च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात त्याचे हे काम पाहायला अक्षरशः गर्दी लोटली. कालुस्त गुल्बेंकियन या धनाढ्य संग्राहकाने त्याच्याकडून वर्षानुवर्षे दागिने घेतले, त्यामुळे चतुरातून वर येणारी ती चतुरस्त्री, नऊ सापांच्या गाठीचा छातीवरचा दागिना आणि चोचीत जांभळा खडा धरलेल्या कोंबड्याचा शिरपेच हे सारे आज लिस्बनच्या गुल्बेंकियन संग्रहालयात एकत्र पाहायला मिळते.

श्लुम्बर्जेची वाट निराळी. तो १९०७ साली मुलूझ येथे जन्मला. तो भाग तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होता आणि त्याचे घराणे कापड उद्योगातले होते. सोनारकामाचे रीतसर शिक्षण त्याने घेतलेले नव्हते; त्याचे खरे बळ चित्रकलेत होते. १९३० च्या दशकात पॅरिसमध्ये एल्सा स्कियापारेल्ली या वेशभूषाकार बाईंसाठी तो बटणे आणि नकली दागिने करू लागला. महायुद्धानंतर न्यूयॉर्कला त्याने स्वतःचे दालन उघडले आणि १९५६ मध्ये टिफनी या पेढीत तो दाखल झाला. तेथे त्याच्या आराखड्यांना स्वतंत्र दालन आणि स्वतःचे नाव मिळाले. समुद्रतारे, समुद्रघोडे, जेलीफिश, फुले, पक्षी हे त्याचे विषय. १९६५ मध्ये त्याने रेखाटलेला 'खडकावरचा पक्षी' सर्वांत गाजला : एका भल्यामोठ्या रत्नावर हिऱ्यांचा एक छोटा, तुरेवाला पक्षी ऐटीत उभा आहे. टिफनीचा १२८.५४ कॅरटचा पिवळा हिरा पुढे १९९५ मध्ये याच पक्ष्याखाली बसवून पॅरिसच्या प्रदर्शनात मांडला गेला.

आता तुलनेचा गाभा. माझ्या मते तो मीन्यात आहे आणि तुम्हाला सर्वांत जास्त शिकायला तिथेच मिळेल, म्हणून यावर थोडी अधिक जागा घेते.

लालिकच्या चतुराचे पंख ज्या मीन्याचे आहेत त्याला पाठ नसते. सोन्याच्या बारीक तारेची किंवा कोरलेल्या पत्र्याची जाळी करतात, तिच्या प्रत्येक घरात काचेची ओली पूड भरतात आणि भट्टीत भाजतात. भाजताना पूड खाली गळू नये म्हणून जाळीखाली अभ्रकाचा किंवा तांब्याचा पातळ पत्रा तात्पुरता ठेवलेला असतो. काम झाल्यावर अभ्रक सोलून निघतो, तांबे आम्लाने खाऊन टाकतात. घरे अगदी लहान असतील तर पाठीचीही गरज पडत नाही, कारण पाण्याचा थेंब जसा सुईच्या नेढ्यात अडकून राहतो तशी ती ओली पूड तारेत धरून राहते. मीना थंड होताना आक्रसतो, घर पूर्ण भरत नाही, म्हणून पुन्हा पूड भरायची आणि पुन्हा भाजायचे. एखादे घर शेवटच्या भाजणीत तडकले की सगळ्या कामावर पाणी. इतका सायास कशासाठी, तर त्या पंखातून उजेड आरपार जावा म्हणून. तुम्ही पंचगंगेच्या काठी पाण्याजवळ बसलेला चतुर मावळतीच्या बाजूने पाहिला असेल. त्याच्या पंखाला स्वतःचा असा रंग जवळजवळ नसतो. मागे जे असेल त्याचा रंग तो घेतो, आणि शिरांची जाळी तेवढी काळी दिसते. लालिकने नेमके तेच दागिन्यात आणले. तो दागिना निळ्या वस्त्रावर वेगळा दिसतो, त्वचेवर वेगळा दिसतो आणि दिव्याखाली आणखी वेगळा.

श्लुम्बर्जेने मीना अगदी उलट कामाला लावला. एकोणिसाव्या शतकातले एक जुने तंत्र त्याने पुन्हा वापरात आणले. त्यात धातूवर सोन्याच्या वर्खाचे तुकडे बसवून त्यावर पारदर्शक मीन्याचे थर एकावर एक भाजतात. उजेड आत शिरतो, वर्खाला लागतो आणि रंग घेऊन परत बाहेर येतो. म्हणून त्याच्या बांगड्यांचा निळा आणि हिरवा रंग आतून पेटल्यासारखा वाटतो. जॅकलिन केनेडी या बांगड्या इतक्या वेळा घालत, की वर्तमानपत्रांनी त्या त्यांच्याच नावाने ओळखायला सुरुवात केली. दोन्ही तंत्रे काच आणि आग यांचीच आहेत, परंतु एकात उजेड निघून जातो आणि दुसऱ्यात उजेड परत येतो. माझ्या दृष्टीने दोन्ही कलावंतांचा स्वभाव या एका फरकात आलेला आहे.

त्याच अंगाने आणखी एक जोडी पाहा. चंद्रकांत मणी, म्हणजे मूनस्टोन, दोघांनीही वापरला आहे. लालिकच्या चतुरस्त्रीत सोने, मीना, क्रायसोप्रेझ हा सफरचंदी हिरवा दगड आणि थोडे हिरे यांच्यासोबत चंद्रकांत आहे, आणि तिथे तो पंखांच्या पारदर्शकपणाला दुधाळ साथ देतो; तो वेगळा उठून दिसावा अशी त्याची योजनाच नाही. श्लुम्बर्जेच्या जेलीफिशमध्ये चंद्रकांत हाच त्या जीवाचा देह आहे. छत्रीसारखा फुगीर भाग या मण्यांनी भरला आहे आणि खाली नीलम व हिऱ्यांचे सोंडेसारखे धागे सुटले आहेत. ही साडीपिन बनी मेलन या बागकामाच्या जाणकार बाईंकडे होती आणि त्यांच्या संग्रहातील दागिने आज अमेरिकेत रिचमंडच्या व्हर्जिनिया ललितकला संग्रहालयात आहेत. एकच खडा एका हातात पार्श्वभूमी होतो आणि दुसऱ्या हातात नायक होतो. तुलना करायची ती अशी, एकेका वस्तूला वस्तू लावून. 'हा भावपूर्ण, तो उत्साही' अशा शेऱ्यांनी तुमच्या हाती काही लागणार नाही.

दोघे निसर्गाची कोणती वेळ निवडतात, हेही पाहण्यासारखे आहे. लालिकला कोमेजणे वर्ज्य नाही. त्याच्या कामात कळी आहे, उमललेले फूल आहे आणि पाकळी गळू लागलेले फूलही आहे. पानांना कीड लागलेली आहे. ओपलभोवती झोंबणाऱ्या गांधीलमाश्यांची त्याची पिन तर पाहताना अंग चोरावेसे वाटते. त्याच्या निसर्गात भय आहे, शिकार आहे, आणि स्त्रीचा देह कीटकाच्या तोंडी आहे. श्लुम्बर्जेच्या निसर्गात मरण दिसत नाही. आपल्या वस्तू वाढत असल्यासारख्या, असमान आणि हलत्या दिसाव्यात असा त्याचा आग्रह असे, आणि तो त्याने खरोखर पाळला. त्याच्या फुलाच्या पाकळ्या कधी मापात कापलेल्या वाटत नाहीत, डाव्या बाजूला उजवीची नक्कल नसते. मला व्यक्तिशः लालिक अधिक खोल वाटतो, पण दागिना लग्नकार्यात घालायचा असतो हेही खरे आहे, आणि गांधीलमाश्यांची पिन डोहाळजेवणाला कोणी लावणार नाही.

किमतीच्या प्रश्नावर मात्र माझे मत पूर्ण लालिकच्या बाजूने आहे. श्लुम्बर्जेच्या बहुतेक कामामागे टिफनीसारख्या पेढीचा रत्नांचा साठा उभा होता. पक्ष्याखालचा खडा काढून त्या जागी गारगोटी ठेवली, तर रेषेतली गंमत शिल्लक राहील, पण दागिन्याचा निम्मा डौल जाईल. लालिकचा शिंगाचा कंगवा वितळवून किंवा मोडून कवडी मिळणार नाही, आणि तरीही तो जपला गेला. चांदीत काम करू पाहणाऱ्या तुमच्यासारख्या नव्या मुलीला हे फार महत्त्वाचे आहे. गुजरीत दागिन्याचा भाव वजनावर आणि मजुरीवर ठरतो आणि गिऱ्हाईक मोड किती येईल हे आधी विचारते, यात त्याची काही चूक नाही. दागिना हीच त्या घराची ठेव असते. पण चांदीच्या साडीपिनेची मोड अशी कितीशी येणार? तिथे गिऱ्हाईक पैसे देणार ते तुमच्या कामाचे, आणि काम पैसे देण्याजोगे असेल तरच देणार. लालिकने त्याच्या काळच्या धनिकांकडून हे मान्य करून घेतले. त्याची पुढची हकीकतही लक्षात ठेवा : १९०० नंतर त्याच्या नकला इतक्या निघाल्या, इतक्या स्वस्त निघाल्या, की चतुर आणि वेली बाजारात चोथा झाल्या. तो हळूहळू काचेकडे वळला, १९१२ मध्ये त्याने काचेच्या वस्तूंचे प्रदर्शन मांडले, आणि १९४५ मध्ये वारला तेव्हा जग त्याला काचकामासाठीच अधिक ओळखत होते.

आता काकांकडे वळू. त्यांचे म्हणणे बरोबर आहे की साजात निसर्ग आहे. परंपरेने साजाची २१ पाने मानतात. त्यांतली दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक आणि पाचूची, आणि एक ताईताचे. मासा तिथे आहे तो मत्स्यावतार म्हणून, कासव कूर्मावतार म्हणून. बेलपान आहे ते शिवाचे म्हणून, कमळ आहे ते लक्ष्मीचे म्हणून. साज घडवणाऱ्याने नदीवर जाऊन मासा निरखला नव्हता आणि तशी गरजही नव्हती, कारण त्याला मासा दाखवायचा नव्हता, शुभ खूण गळ्यात घालायची होती. बोरमाळेतले बोर, जोंधळी पोतेतला जोंधळ्याचा दाणा, चाफेकळी, मासोळ्या, जवमणी : आपल्या बायकांनी शेत आणि परस अंगावर वागवले, पण ते नेमाने, मोजून, एकसारख्या आकारांच्या ओळीत वागवले. लालिक आणि श्लुम्बर्जे यांचा निसर्ग एकेका जीवाचा आहे, साजाचा निसर्ग खुणांचा आहे. दोन्ही खरे आहेत आणि एकाने दुसऱ्याची उणीव निघत नाही. म्हणून माझी आग्रहाची विनंती अशी, की साजाच्या पानांत चतुर किंवा जेलीफिश घुसडू नका. ज्या बाईच्या गळ्यात साज आहे तिला त्यातले प्रत्येक पान ओळखीचे असते. तिथे तुमची हौस चालवण्याचे कारण नाही.

पण काकांच्या साजाकडून एक धडा तुम्ही घेतलाच पाहिजे, जो या दोन्ही परदेशी गुरूंकडे इतक्या साधेपणाने मिळत नाही. साजाचे पान हातात घेऊन उलटे करून पाहा. वरून ते भरीव, जड वाटते. प्रत्यक्षात ते पातळ पत्र्याचे असून आत लाख भरलेली असते, त्यामुळे थोड्या सोन्यात आकाराला भरदारपणा येतो आणि ठोकर लागली तरी पत्रा सहसा चेपत नाही. मागची बाजू गुळगुळीत आहे, कुठे टोक नाही, पदराचा धागा अडकत नाही, घामाने मानेला काचत नाही. असा दागिना एक बाई पन्नास वर्षे रोज घालते आणि मग सुनेला देते. लालिकची चतुरस्त्री कोणी रोज घालू शकली नसती. श्लुम्बर्जे या बाबतीत पुष्कळ शहाणा होता. त्याच्या बांगड्या आणि अंगठ्या खरोखर वापरल्या गेल्या, आणि शिक्षिकेचा मुद्दा बहुधा हाच असावा. तुमच्या संचाची परीक्षा घ्यायची झाली तर काकांच्या हाती पहिला नमुना द्या, आणि त्यांनी तो सर्वांत आधी उलटा करून पाहिला तर वाईट वाटून घेऊ नका.

प्रत्यक्ष काम कसे सुरू करावे, याबद्दल माझ्या सूचना अशा. विषय कोल्हापूरचा घ्या आणि एकच घ्या. रंकाळ्याच्या काठी, पंचगंगेच्या घाटाखाली, मसाई पठारावर पावसाळ्यानंतर तुम्हाला हवे ते सारे आहे. उसाला आलेला तुरा अजून कोणी दागिन्यात नीट आणलेला माझ्या पाहण्यात नाही. पांढरा, हलका, एका बाजूला झुकणारा, आणि चांदीच्या तारेला अगदी साजेसा. करवंदीची जाळी घेतली तर काटा, फूल आणि फळ एकाच फांदीवर मिळते. टाचणी, म्हणजे चतुराची ती बारीक, पंख मिटून बसणारी बहीण, हाही विषय चांगला आहे, पण लालिकच्या इतक्या जवळ जाऊ नये असे मला वाटते. ज्याची निवड कराल त्याची रेखाटने समोर बसून करा, मोबाइलवरून नकोत. कोल्हापूरला ही परंपरा नवी नाही : आबालाल रहिमान यांनी, जे लालिकचेच समकालीन होते आणि १९३१ मध्ये निवर्तले, याच रंकाळ्याची आणि कोटीतीर्थाची चित्रे पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या वेळच्या उजेडात काढली. त्यांची जी चित्रे पाहायला मिळतील ती पाहा. पाण्यावरच्या उजेडाबद्दल ती जे सांगतात, ते मीन्याच्या कामात तुमच्या थेट उपयोगी पडेल.

कारागिरांशी बोलताना आराखडा एकाच बाजूचा देऊ नका. समोरून, कडेने आणि मागून, अशी तिन्ही चित्रे खऱ्या मापात द्या, आणि जिथे पाकळी जाड आहे, जिथे कडेला पातळ होते, तिथे तसे लिहा. श्लुम्बर्जे स्वतः सोनार नसताना त्याच्या वस्तूत हालचाल उतरली, याचे श्रेय त्याच्या रेखाटनांना आणि ती समजून घेणाऱ्या कारागिरांना आहे. हुपरीच्या हातांना पैंजणाच्या घुंगरापासून बारीक तारेपर्यंत चांदीचे काम पिढ्यांपासून ठाऊक आहे. तिथे जाऊन हुकूम सोडण्यापेक्षा 'हा तुरा झुकता ठेवायचा तर तार कुठे जाड ठेवू?' असे विचारलेत तर तुमच्या आराखड्यात तेच सुधारणा सुचवतील. साच्यातून ओतून शंभर नग एकसारखे काढण्याचा मोह पहिल्या संचापुरता तरी टाळा. एकाच साच्यातली शंभर फुले म्हणजे ज्या असमानपणासाठी आपण या दोघांचा अभ्यास करतो आहोत तोच गमावणे.

मीन्याबाबत तुमची हौस मला पत्रातून दिसली, म्हणून सांभाळून सांगते. पाठ नसलेला मीना पहिल्या संचात करू नका. त्याचे नमुने करा, मोडा, पुन्हा करा, पण विकायला ठेवू नका. साडीपिन पडली की पंख फुटणार आणि गिऱ्हाईक दारात येणार. वर्खावरचा मीना चांदीवर करता येतो आणि तो पाठीला धातू असल्याने टिकतो. मीना साधारणपणे ७५० ते ८५० अंश सेल्सिअसला भाजतात. शुद्ध चांदी ९६१ अंशांना वितळते, पण तांबे मिसळलेली ९२.५ टक्क्यांची चांदी त्याच्या बरीच आधी ढासळू लागते आणि भट्टीत तिच्यावर काळपट डागही येतात, म्हणून मीन्याखालचा भाग शक्यतो शुद्ध चांदीचा ठेवा. निळे आणि हिरवे पारदर्शक रंग चांदीवर सुरेख खुलतात. तांबडा मात्र थेट चांदीवर भाजला तर पिवळट-तपकिरी होतो. त्याच्याखाली रंगहीन मीन्याचा थर किंवा सोन्याचा वर्ख हवा. झाळकाम मीन्याच्या आधी पूर्ण करून घ्या, आणि झाळ अशी वापरायला सांगा जी मीन्याच्या भट्टीत पुन्हा वितळणार नाही. ही साधी गोष्ट आधी ठरली नाही तर संच अर्ध्यावर अडतो.

साहित्याविषयी एक कडक सूचना. लालिकने हस्तिदंत वापरला म्हणून तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका. त्याचा व्यापार आपल्याकडे कायद्याने बंद आहे. दाजीपूरच्या जंगलातला गवा संरक्षित प्राणी आहे, त्याच्या शिंगाचा जुना तुकडा कोणी घरातला म्हणून देऊ केला तरी घेऊ नये. शिंगाचे काम करून पाहायचेच असेल तर म्हशीचे शिंग आणि रीतसर पावती, याखेरीज दुसरे काही नको.

नकलेबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. श्लुम्बर्जेचे आराखडे टिफनी आजही घडवते आणि विकते. खडकावरचा पक्षी थोडा बदलून 'प्रेरित' म्हणून गुजरीत मांडणे हे कायद्याच्या दृष्टीनेही जोखमीचे आहे आणि कारागिरीच्या दृष्टीनेही हलके आहे. लालिकला जाऊन कितीतरी वर्षे झाली, तरी त्याची चतुरस्त्री छोटी करून चांदीत ओतली म्हणजे तुमचा संच त्याच्या शिष्येचा होत नाही. कोणाकडून काय शिकलात ते संचाबरोबरच्या पत्रकात सरळ लिहा, त्यात कमीपणा नाही.

पहिल्या संचात सहा-सात वस्तू पुरे : दोन साडीपिना, एक जोडी कुड्या, एखादे पेंडंट, एखादी अंगठी, आणि हिंमत असेल तर अंबाड्यात खोवायचे एक फूल. अंबाड्याचे फूल मी मुद्दाम सुचवते आहे, कारण लालिकच्या कंगव्यांच्या ते सर्वांत जवळचे आहे, आपल्याकडे त्याला आयती जागा आहे, आणि केसात असल्यामुळे ते ठोकरीपासून बऱ्यापैकी सुरक्षित राहते. पाठ नसलेला मीना पुढेमागे वापरायचाच झाला तर तो तिथे वापरा. प्रत्येक वस्तूची मजुरी वेगळी लिहून ठेवा आणि किंमत सांगताना चांदीचे वजन आणि कामाचे मोल असे दोन्ही आकडे गिऱ्हाईकाला सांगा. काकांना ही पद्धत सुरुवातीला रुचणार नाही कदाचित, परंतु दुकानाच्या एका कोपऱ्यापुरती आणि दसरा ते पाडवा एवढ्या काळापुरती ती मागून घ्या. नमुने तयार झाले की त्यांची पुढची आणि मागची अशी दोन्ही बाजूंची छायाचित्रे, शेजारी मोजपट्टी ठेवून, माझ्याकडे पाठवा. मीन्याच्या रंगांविषयी तेव्हा नेमके बोलता येईल.